खाडीच्या मधोमध मशीन गुदमरतं : जुन्या १५ एचपी आउटबोर्डचं पेट्रोल नक्की अडतंय कुठे?

कर्लीकाठ
मंडळी नमस्कार, मी नोकरीला पुण्यात पण घर देवबागला, महिन्यातनं एकदा जाणं होतं आणि गेलं की काकांच्या होडीवरच असतो. होडी फायबरची छोटी, मागे १५ एचपीचं जपानी टू-स्ट्रोक मशीन, दोन सिलिंडर, एक कार्ब (कार्बुरेटर), दोरीवर सुरू होणारं. वय पंचवीसच्या वर आहे, नक्की किती ते काकांनाही आठवत नाही. बाहेरची २४ लिटरची लाल टाकी, तिथनं नळी, मध्ये तो हाताने दाबायचा रबरी फुगा, पुढे मशीन.

आता त्रास. दुसऱ्या-तिसऱ्या दोरीत सुरू होतं, स्लोला मस्त चालतं, किनाऱ्याकिनाऱ्याने जा काही तक्रार नाही. फुल रेस दिली की साधारण दहा मिनिटं पळतं, मग आवाज बदलतो, घोगरा होतो, दम लागल्यासारखं करतं आणि बंद. फुगा पाच-सहा वेळा दाबला की पुन्हा सुरू, परत तेच. घरी मशीनचा पाय (प्रोपेलरकडचा खालचा भाग) पिंपात बुडवून चालवलं तर अर्धा तास झाला तरी एक ठसका नाही.

आत्तापर्यंत काय केलं : प्लग नवीन, कार्ब दोनदा खोलून साफ (एकदा मी, एकदा तालुक्याच्या मिस्त्रीने, त्याने पैसे घेतले आणि "आता विमानासारखं पळेल" म्हणाला). पळालं नाही. गेल्या रविवारी संगमाच्या तोंडाशीच बंद पडलं, सुकती लागलेली, पाणी बाहेर समुद्राकडे ओढतंय, काका वल्ही मारतायत आणि मी वेड्यासारखा दोरी ओढतोय, काका जे काय बोलले ते इथे लिहीत नाही. कोणी सांगेल का, पंप गेलाय की कार्ब बदलायचा?

मालवणी_बांगडो
कार्ब पयलो कित्याक खोललंस रे? टाकीच्या झाकणार हवा आत जावक वाऱ्याचो स्क्रू असता तो सोडलेलो आसा काय ता बघ आधी. माझ्या काकान दोन दिवस मशीन खोललान नि जोडलान, शेवटाक शेजारचो बारको पोरगो इलो, स्क्रू फिरवून गेलो, मशीन चालू. काका अजून त्या पोराक बघलो की तोंड फिरवता.

हर्णैकर
पंपाचा पडदा गेलाय, १०० टक्के. फुगा दाबला की चालतं म्हणजे पंपाचं काम तुमचा हात करतोय, साधी गोष्ट आहे. किट मागवा, दोन पडदे नि गॅस्केट येतात, अर्ध्या तासाचं काम. माझ्या दोन मशीनना हेच झालं होतं.

बत्तीस_नंबर_पाना
थांबा जरा. हर्णैकर, पडदा असू शकतो, पण १०० टक्के आत्ताच कुठून आणलेत?

कर्लीकाठ, आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. या मशीनचा पेट्रोल पंप गाडीसारखा विजेवर चालत नाही. पिस्टन पुढे-मागे होताना त्याच्या मागच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, एकदा दाब होतो एकदा ओढ होते, त्यावर पंपातला रबराचा पातळ पडदा हलतो आणि टाकीतनं पेट्रोल ओढतो. ओढ किती, तर स्ट्रॉने शहाळं पिण्याइतकी समजा. त्यामुळे वाटेत कुठे थोडं अडलं किंवा कुठे थोडी हवा शिरली की बिचारा हरतो. दोष वाटेचा असतो आणि शिव्या पंपाला बसतात.

आता हिशोब बघा. १५ एचपीचं टू-स्ट्रोक फुल रेसला तासाला सहा-सात लिटर पितं. म्हणजे मिनिटाला १०० मिलीच्या आसपास. स्लोला ते लिटरभरसुद्धा पीत नाही. म्हणून पिंपात अर्धा तास मस्त चालतं, तिथे लोडच नाही, अडलेल्या वाटेनेसुद्धा तेवढं पेट्रोल आरामात येतं. पिंपातली टेस्ट या रोगाला काही कामाची नाही, टेस्ट पाण्यात, प्रोपेलरवर लोड असतानाच घ्यायची.

पुढच्या वेळी बंद पडायला लागलं की दोरीला हात लावू नका, फुग्याला लावा. दाबायचा नाही, फक्त बघायचा. तीन शक्यता असतात. एक, फुगा चपटा झालाय, आत ओढला गेलाय. दोन, फुगा गोल आहे पण मऊ. तीन, फुगा टणक भरलेला आहे आणि तरी मशीन मरतंय. कुठला ते सांगा, मग बोलू. तोवर किट मागवू नका आणि कार्बला तिसऱ्यांदा हात लावू नका.

दर्यावर्दी
आणि मशीन बंद पडलं की आधी नांगर टाका, मग दोरी-फुगा काय ते. देवबागच्या तोंडाशी सुकतीला मशीनशी खेळत बसणं म्हणजे… जाऊदे. वल्ही होती हे नशीब. हल्ली पोरं वल्ही घरी ठेवतात, जड होतात म्हणे.

कर्लीकाठ
नांगर होता पण दोर गुंतलेला होता 🙈 काकांनी त्यावरही ऐकवलं.

स्क्रू सोडलेला आहे, ते मी दहा वेळा बघितलं. अजून एक, टाकी भरलेली असो की अर्धी, दहा मिनिटंच लागतात.

बत्तीस_नंबर_पाना
हे भारी सांगितलंत. वाऱ्याची वाट बंद असती तर टाकी पूर्ण भरलेली असताना लवकर बंद पडलं असतं आणि अर्धी असताना उशिरा, कारण वरती हवा जास्त असली की ओढ तयार व्हायला वेळ लागतो. दोन्हीकडे तेवढाच वेळ म्हणजे स्क्रू बहुतेक निर्दोष. तरी एकदा झाकण पूर्ण सैल करून पळवून बघा, फुकटची टेस्ट आहे.

हर्णैकर
मी अजूनही पडदाच म्हणतो. 🍿

खाडीतली_शिंपली
एक बाईमाणसाचा प्रश्न, हसू नका. आमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्या) काढायला खाडीत जायची होडी आहे, ८ एचपी मशीन. त्याचंही असंच होतं पण आम्ही चोक अर्धा ओढला की पळतं. मग तो पेट्रोलचाच प्रॉब्लेम ना?

बत्तीस_नंबर_पाना
हसायचं काय त्यात, एकदम बरोबर टेस्ट केलीत. गरम मशीनला चोक ओढल्यावर बरं वाटत असेल तर त्याला पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. पण कृपा करून तसं चालवत राहू नका. हे कर्लीकाठनाही सांगतोय, नीट वाचा.

आपल्या या छोट्या टू-स्ट्रोकला वेगळं ऑइल नसतं, ऑइल पेट्रोलमधनंच जातं. म्हणजे पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी गेलं. फोर-स्ट्रोक पेट्रोल संपलं तर नुसतं बंद पडतं, टू-स्ट्रोक उपाशीपोटी फुल रेसला पळवलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो. फुगा दाबत दाबत घरी येणारे खूप बघितलेत मी, पाच-सहा वेळा जमतं, सातव्यांदा दोरीच हलत नाही. दम लागला की रेस कमी करा, स्लोवर घरी या. आणि प्लग काढून बघा दोघींनी-दोघांनी, टोकाचा रंग चहासारखा तपकिरी हवा, पांढराफटक असेल तर घंटा वाजली समजा.

कर्लीकाठ
प्लग काकांना काढायला लावले, व्हिडिओ कॉलवर बघितले. वरचा पांढरट, खालचा त्याहून पांढरा. 😬 शनिवारी जातोय.

शापोराकाठ
आमच्या गोव्यात काही जण अशा वेळी थोडं रॉकेल टाकतात पेट्रोलमध्ये, "घट्ट" होतं म्हणून. करून बघा.

दर्यावर्दी
करून बघू नका. रॉकेलवर चालणारी मशीन वेगळी येतात, त्यांचं कॉम्प्रेशन कमी असतं, सुरू पेट्रोलवर करायचं आणि गरम झालं की रॉकेलवर न्यायचं अशी सोय असते. पेट्रोलच्या मशीनमध्ये रॉकेल ओतून पिस्टनची वाट लावायची असेल तर गोष्ट वेगळी.

शापोराकाठ
बरं बाबा, मी फक्त लोक काय करतात ते सांगितलं.

कर्लीकाठ
अपडेट. शनिवारी सकाळी भरती होती तेव्हाच गेलो, नांगराचा दोर सोडवून तयार ठेवला (दर्यावर्दी, बघा), मोबरच्या बाजूला मोकळ्या पाण्यात फुल रेस दिली. झाकण पूर्ण सैल. नऊ मिनिटांनी घोगरा आवाज सुरू. फुगा बघितला तर चपटा! पिळलेल्या लिंबासारखा. रेस कमी केली तर हळूहळू परत गोल व्हायला लागला. तीनदा करून बघितलं, तीनदा तसंच.

बत्तीस_नंबर_पाना
हर्णैकर, पॉपकॉर्न ठेवा खाली. फुगा चपटा म्हणजे पंप ओढतोय, चांगला दणकून ओढतोय, मागनं पेट्रोल येत नाहीये. पडदा फाटला असता तर फुगा चपटा करायची ताकदच राहिली नसती. म्हणजे पंप, कार्ब, फिल्टर, नीडल (कार्बमध्ये पेट्रोल सोडणारी सुई) हे फुग्याच्या पुढचं सगळं सध्या बाजूला ठेवा. रोग टाकी ते फुगा या चार-पाच फुटांत आहे.

आता तिथे तीनच गोष्टी. टाकीत खाली जाणारी दांडी, तिच्या टोकाची जाळी, आणि नळी. (फुग्याच्या तोंडाचा व्हॉल्वही असतो, पण तो सहसा उलटा त्रास देतो, म्हणजे पेट्रोल परत टाकीत जातं.) सोपा मार्ग, शेजाऱ्याची टाकी-नळी-फुगा असा पूर्ण सेट उसना घ्या, जोडा, पळवा. पळालं तर तुमचं मशीन निर्दोष.

हर्णैकर
मान्य. पडदा मागे घेतो. (पण बदलून ठेवा, पंचवीस वर्षांचा आहे.)

मालवणी_बांगडो
उसनी टाकी मागूक गेलंस तर रिकामी परत करू नकोस, मगे पुढच्या खेपेक कोण देवचो नाय 😄

कर्लीकाठ
शेजारच्यांची टाकी मिळाली. २५ मिनिटं फुल रेस, ठसका नाही!! काका हसले, गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग आपली टाकी उघडली. जाळी स्वच्छ. दांडी फुंकून बघितली, मोकळी. नळी फुंकून बघितली, हवा मस्त जाते. म्हणजे सगळं बरोबर आहे आणि काहीच बरोबर नाही, आता काय करू?

बत्तीस_नंबर_पाना
फुंकू नका, ओढा. म्हणजे तोंडाने नको, पेट्रोल पोटात जाईल. कोरडी करून मोठ्या सिरिंजने ओढून बघा. आणि नळी जुनी असेलच, तर सरळ कापा, उभी चिरा. फुंकल्यावर उघडते आणि ओढल्यावर बंद होते असं काहीतरी आत असणार.

कर्लीकाठ
अहो तुम्ही आत बघून आलात का??

फुग्याच्या मागची नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरनं काळी, गुळगुळीत, कुठे एक भेग नाही. आतला थर मात्र सुटलाय, सापाची कात निघते तसा, आणि एका ठिकाणी हातभर लांब पापुद्रा लोंबतोय. फुंकलं की तो बाजूला होतो, ओढलं की नळीच्या भोकावर येऊन बसतो. स्लोला कडेकडेने पेट्रोल जात असणार आणि रेस दिली की हळूहळू ओढला जाऊन दार बंद. काकांनी ती नळी हातात घेऊन पाच मिनिटं नुसती बघितली. म्हणाले, ह्याच्यासाठी मी कार्बवाल्याला दोनदा पैसे दिले. (एकदा मी फुकट केलं होतं, पण असो.)

मिशिगनकर
इथे लेकवर माझं ९.९ एचपी आहे, हे इकडे इतकं कॉमन आहे की दर स्प्रिंगला कोणीतरी या पापुद्र्याचा फोटो टाकतंच. कारण इथेनॉल. इकडे १० टक्के असतं पेट्रोलमध्ये, आणि बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये तेवढ्यापर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. जुन्या नळीचं रबर इथेनॉलचा विचार करून बनवलेलंच नव्हतं, ते आतनं फुगतं, मऊ होतं, थर सुटतात. नवीन नळी घेताना तिच्यावर काय छापलंय ते बघा, मरीन फ्युएलसाठीची हवी. इथल्या नळ्यांवर बी१-१५ असं येतं, त्यातलं १५ म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १५ ग्रॅम पेट्रोल झिरपू शकतं. इथे मरीनावर बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं, महाग असतं पण मी तेच भरतो.

दर्यावर्दी
आपल्याकडे आता २० टक्के. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला सुरुवात झाली, आधी २०३० चं टार्गेट होतं ते २०२५-२६ वर आणलं. साध्या पेट्रोलमध्ये निवड करायची सोय नाही. ऊस घाटावरचा, कारखाने घाटावरचे आणि नळ्या आमच्या कुजतायत.

हर्णैकर
ओ, राजकारण दुसऱ्या धाग्यावर.

दर्यावर्दी
राजकारण कुठे, नळीचं बोलतोय मी.

बत्तीस_नंबर_पाना
नळीपुरतं नाही ते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या वर काढलेल्या, टाकी अर्धी भरलेली तशीच पडवीत, कोकणातला पाऊस, दमट हवा. पाणी ठराविक मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. दांडीची जाळी कुठे असते? तळाला. म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर तुम्ही पहिली दोरी मारता तेव्हा मशीनच्या तोंडात पहिला घोट त्याचा जातो, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. सीझनच्या पहिल्याच दिवशी मशीन चिकटलं अशा ज्या गोष्टी ऐकतो त्यातल्या काही तरी यातल्या असणार.

टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या, दहा मिनिटं उन्हापासून लांब ठेवून द्या. खाली वेगळा थर दिसला की सगळी टाकी रिकामी करा. आणि ते खाडीत ओतू नका, प्लीज.

खाडीतली_शिंपली
ओतणारे आहेत आमच्याकडे. मग महिनाभर त्या बाजूच्या कालवांना वास येतो.

कर्लीकाठ
बाटलीची टेस्ट केली, थर नाही, पण तळाला काळे कण दिसले, बहुतेक त्याच नळीचे.

दुसरी बातमी, हार्डवेअरच्या दुकानातनं पारदर्शक नळी आणली, त्याच मापाची, स्वस्त पडली. बसवली. आता मजा अशी की मशीन दहा मिनिटांनी बंद पडत नाही, पण मधूनच एक सेकंद अडखळतं, आणि फुगा चपटा होत नाही, मऊ राहतो. किती दाबला तरी टणक होत नाही.

बत्तीस_नंबर_पाना
पाण्याची नळी लावलीत पेट्रोलला? चार दिवसांत पिवळी पडेल, कडक होईल, टोकाशी तडकेल आणि मग होडीच्या तळाशी पेट्रोल साचेल, त्यावर ठिणगी. काढा ती आजच.

पण थांबा, आणलीच आहे तर फेकू नका. तिचा वीतभर तुकडा कापा आणि फुगा आणि मशीन यांच्या मधे टेस्टपुरता जोडा. फुगा मऊ म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. दाब असताना गळती ओली दिसते, पण ओढ असताना पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे बाहेरनं सगळं कोरडं आणि ठणठणीत दिसतं. त्या तुकड्यातनं बुडबुडे दिसतील. मग मागे एकेक जोड ओल्या फडक्याने घट्ट धरून बघा, ज्याला धरल्यावर बुडबुडे थांबले तो चोर.

आणि फुगा दाबताना उभा धरा, बाण वरती मशीनकडे. आडवा धरला की आतले व्हॉल्व नीट बसत नाहीत. निम्मे लोक आडवाच दाबतात आणि फुगा खराब म्हणून बदलतात.

खाडीतली_शिंपली
टाकीच्या बाजूला जो खटकन बसणारा कनेक्टर असतो ना, त्याच्या आतली छोटी रबरी रिंग बघा. आमची चपटी झाली होती. दोन रुपयांची वस्तू आणि आम्ही पूर्ण सीझन चोकवर काढला. (हो, तोच वरचा प्रॉब्लेम. या धाग्यामुळे काल मीच उघडून बघितलं, रिंग बदलली, आता चोकशिवाय पळतंय. धन्यवाद पाना.)

मालवणी_बांगडो
बघा! बायमाणसान प्रॉब्लेम सोडवल्यान आणि आमी हय फुगो आडवो काय उभो करत बसलंव.

कर्लीकाठ
शिंपलीताई, शंभर टक्के तेच निघालं. तुकड्यातनं बुडबुडे दिसले, सोड्याच्या बाटलीसारखे, टाकीकडचा कनेक्टर फडक्याने दाबला की बंद. रिंग काढली तर तिला एका बाजूला सपाट कड पडलेली. दोन्ही कनेक्टरच्या रिंगा बदलल्या, मरीनवाल्या दुकानातनं खरी नळी मागवली, फुगाही नवाच घेतला, क्लिपा स्टीलच्या. मधे पारदर्शक कपचा छोटा फिल्टर टाकला. फुगा आता चौथ्या दाबाला दगड.

काल ४० मिनिटं फुल रेस. देवबाग ते तारकर्ली आणि परत, मधे एकदाही रेस कमी केली नाही. पण… (हो, पण आहे) आता स्लोला धरत नाही. रेस सोडली की बंद. आधी स्लोलाच तर मस्त चालायचं!

हर्णैकर
🍿 परत घेतले.

बत्तीस_नंबर_पाना
आता, फक्त आता, कार्ब खोला. जुन्या नळीच्या पापुद्र्याचे कण पुढे गेलेत. फुल रेसला पेट्रोल देणाऱ्या मेन जेटचं भोक त्यातल्या त्यात मोठं, कण निघून जातो. स्लोचं पायलट जेट सुईच्या टोकाएवढं, तिथे अडकला. आधी साफ केलेला कार्ब मधल्या दिवसांत पुन्हा भरला, कारण कण येण्याची जागा तशीच होती. म्हणून टाकीपासून सुरू करायचं म्हणतो, कार्ब आधी साफ केला की तीन दिवसांनी परत तेच.

कार्बच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल कपात घ्या, काळे कण मोजा. पायलट जेट काढून उजेडासमोर धरा, गोल भोक स्पष्ट दिसायला हवं. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की आयुष्यभर सेटिंग लागणार नाही. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा. कार्बवरचा हवेचा स्क्रू काढायच्या आधी पूर्ण आत फिरवून किती फेरे होतात ते लिहून ठेवा. आत हलकेच टेकवा, पिळू नका.

दर्यावर्दी
लिहून ठेवा म्हणजे कागदावर. मी एकदा हातावर लिहिलेलं, पेट्रोलने पुसलं गेलं.

कर्लीकाठ
झालं. वाटीतनं सात-आठ काळे ठिपके, पायलट जेटमध्ये एक बसलेला, मोहरीच्या चतकोराएवढा. हवेचा स्क्रू दीड फेरा होता, तसाच ठेवला. स्लोला आता इतकं हळू चालतं की काका म्हणाले, बोलता येतं बाजूला बसून.

ऑइलचं विचारायचं राहिलं. काका अंदाजे ओततात, "जास्त गेलं तर चांगलंच" म्हणून.

बत्तीस_नंबर_पाना
तुमच्या मशीनला ५० ला १ असेल, मॅन्युअल किंवा झाकणावरचा स्टिकर बघा. म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरच्या पूर्ण टाकीला ४८० मिली. ऑइल आउटबोर्डचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, स्कूटरचं नको. जास्त ओतलं तर प्लग काळे होतात, धूर होतो आणि तेवढ्या जागेत पेट्रोल कमी जातं. काकांना सांगा, माप घ्या. सांगायची हिंमत असेल तर.

आणि बंदीला होडी वर काढाल तेव्हा टाकी रिकामी करून पेट्रोल बाईकला टाकू नका, त्यात ऑइल आहे. थोडंच उरेल असं आधीच कमी भरा. शेवटच्या दिवशी नळी काढून मशीन स्लोला चालू ठेवा, पाय पाण्यात हवा, वाटीतलं पेट्रोल संपून आपोआप बंद होऊ द्या. उरलंसुरलं वाटीच्या स्क्रूने काढा. माझ्याकडे ऑगस्टमध्ये येणाऱ्या दहातल्या सात कार्बांत दोन-तीन महिन्यांचं सुकलेलं पेट्रोल असतं, गुळाच्या पाकासारखं.

कर्लीकाठ
माप सांगितलं. काका म्हणाले, तू पुण्याला जा. पण दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीचं झाकण मापाला घेऊन बसले होते.

ती चिरलेली नळी त्यांनी पडवीत खिळ्याला टांगलीये, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला काढून दाखवतात. परवा ज्याने विमानासारखं पळेल म्हटलं होतं तो मिस्त्रीसुद्धा येऊन बघून गेला, फोटो काढून घेतला.

मालवणी_बांगडो
विमान उडला मगे. मिस्त्रीन पैसे परत दिल्यान काय? 😄

कर्लीकाठ
चहा घेऊन गेला.

नवा_सभासद_रेवदंडा
सगळा धागा वाचला, खूप मदत झाली. माझं पण सेम आहे, २५ एचपी, पाच मिनिटांनी दम लागतो, फक्त माझा फुगा चपटा नाही, दगडासारखा टणक असतो आणि तरी बंद पडतं. मी पण नळी बदलू का?

बत्तीस_नंबर_पाना
नळी बदलू नका, तुमची गोष्ट उलटी आहे. पेट्रोल फुग्यापर्यंत येतंय, पुढे जात नाही. फिल्टर, मशीनवरचा कनेक्टर, पंप, कार्बची नीडल, त्याच क्रमाने. आणि हर्णैकरांना बोलवा, या वेळी पडदा असू शकतो. वेगळा धागा काढा, प्लगचे फोटो टाका आणि कार्ब अजून उघडू नका.

हर्णैकर
आलो.